पाहा : पारा, अंक ३०

२ फेब्रुवारी

लिहायचं टाळत होते, हे आधीच कबूल करून टाकते. वहिनीने ही रोजनिशी नव्या वर्षाला हातात दिली. म्हणाली, "नोकऱ्या राहू देत, निदान ही तरी शेवटच्या पानापर्यंत ने." तेव्हापासून हिच्यावर चहाचा कप ठेवून झाला, वाऱ्याने आपटणारी खिडकी हिनेच अडकवली, आणि एक मुंगळा हिच्यावर बसवून गच्चीत सोडून आले. लिहिलं मात्र एक अक्षर नाही. बसायचे, आणि काहीतरी निघायचं. परवा पेनाचं टोपण शोधायला उठले, तर कपाटाखाली दादाच्या सायकलचा पंप सापडला. मग तो चालतो का ते बघण्यात संध्याकाळ गेली. चालतो.

आज लिहितेय, कारण नवी नोकरी लागून आठवडा झाला आणि मी ती अजून सोडलेली नाही. जेवताना ही बातमी जाहीर केली. दादाने ताटातून मान वर न करता विचारलं, "भिंगरे, आठवड्यात रविवार धरलास का?"

भिंगरी हे माझं घरातलं नाव. का, ते सांगत बसत नाही. चष्म्याचं दुकान, हेल्मेटचं दुकान, एका फोटोवाल्याकडे दिवे धरायचं काम, मग कुरिअर. कॉलेज तर त्याच्याही आधी सुटलं. कुठे मन रमत नाही असं नाही. उलट सगळीकडे रमतं, तीच भानगड आहे.

तर कुरिअर. एक पाकीट द्यायला गाद्यांच्या दुकानावरच्या माडीवर गेले. दोन खोल्या, छतापर्यंत चित्रकथांच्या मासिकांचे गठ्ठे, आणि समोरच्या भिंतीवर एक चित्र. भिंतीच्या फटीतून एक बाई ओघळत बाहेर येतेय, अर्धी थेंब, अर्धी माणूस.

"अय्या, पारा!" मी ओरडलेच. "पण ही मेली ना?"

टेबलामागे एक बाई सही करत होत्या. साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल, डाव्या भुवईत एक खाच, लहानपणी कुठेतरी आपटल्या असणार. त्यांचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"टोलेजंगच्या अंकात. धरण फुटतं तेव्हा. पण शेवटचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे नक्की माहीत नाही."

"कुठला अंक?"

"सलूनमधला," मी म्हणाले. बाबा केस कापायला बसायचे तेव्हा मी बाकावर तेच वाचत असायचे.

बाई हसल्या नाहीत, पण प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. झाकोळ शाळेत कुठला विषय शिकवतो? टोलेजंग उंच व्हायला लागला की आधी काय फाटतं? मला आयुष्यात एक सनावळी पाठ झालेली नाही, पण हे सगळं घडाघडा सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी ये."

बाकीची पाकिटं उशिरा पोचली म्हणून कुरिअरवाल्यांनी त्याच दिवशी मला मोकळं केलं. सोय झाली.

५ फेब्रुवारी

काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते, वहिनी रोज विचारते आणि मी रोज वेगळं सांगते.

बाईंचे वडील, सगळे त्यांना थोरले साहेब म्हणतात, अचाट शक्तीच्या नायकांच्या चित्रकथा छापायचे. तीन मासिकं. टोलेजंग हा एक शिंपी, राग आला की इमारतीएवढा होतो, त्यामुळे गावाचे कपडे शिवतो आणि स्वतःला एकही धड बसत नाही. झाकोळ हा शाळामास्तर, बोट वर केलं की उजेड मंद करतो. आणि पारा, थर्मामीटरच्या कारखान्यातली कामगार, कुठल्याही फटीतून जाते. तिघं एकाच शहरात राहतात, हीच गंमत. टोलेजंगने त्याच्या मासिकात पूल मोडला, की पुढच्या महिन्यात झाकोळच्या मासिकात झाकोळची बस लांबच्या रस्त्याने जाते आणि तो शाळेत उशिरा पोचतो. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात टीप असते, "पाहा : टोलेजंग, अंक अमुक. — संपादक". त्या टिपा म्हणजे त्या जगाची शिवण. मी सलूनमध्ये त्या टिपा वाचून पुढचा अंक शोधायचे. सलूनवाला म्हणायचा, बाळ, वाचनालय समजलीस का?

साहेबांचा नियम एकच होता, छापलं ते घडलं. मागे घ्यायचं नाही, पुसायचं नाही. न जमणाऱ्या दोन गोष्टी छापल्या गेल्या, तर दोन्ही खऱ्या धरायच्या आणि तिसरी छापून जुळवायच्या.

मासिकं बंद पडून जमाना झाला. आता बाई सगळे अंक जाड खंडांत परत काढताहेत. शेवटच्या खंडाच्या शेवटी कालक्रम जाणार, काय आधी घडलं, काय नंतर, सगळं जग एका ओळीत. तो मी करतेय. महिनाअखेरच्या शनिवारी छपाई.

अडचण एकच आहे, पारा. टोलेजंगच्या अंकात धरण फुटून ती मरते. आज शेवटचं पान पहिल्यांदा पाहिलं. मरते. टोलेजंगच्या तळहातावर चार थेंब उरतात. आणि त्याच महिन्याच्या तिच्या स्वतःच्या मासिकात, अंक २९, ती शेवटच्या चौकटीत स्वयंपाकघरात उभी राहून उकडलेलं अंडं खातेय. दोन्ही छापलंय. म्हणजे दोन्ही घडलं.

"ही कुठे टाकू?" मी बाईंना विचारलं.

"शेवटी बघू," बाई म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

रविवार. बाईंनी प्रस्तावनेसाठी या सगळ्याचा इतिहास वाचायला दिलाय. एका जागी बसवेना म्हणून चालत चालत वाचला. दोनदा खांबाला धडकले.

ज्या देशात हे सुरू झालं तिथे आधी नुसती वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं गोळा करून स्वस्त कागदावर छापायचे. मग कोणीतरी सर्कशीतल्या पहिलवानाचे घट्ट कपडे घातलेला माणूस मोटार उचलताना काढला आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. पण तेव्हा ज्याचा तो एकटाच. मग एका प्रकाशकाने आपला आगीचा नायक आणि पाण्याचा नायक एकाच शहरात आणून भिडवले, दुसऱ्याने आपले नायक एका टेबलाभोवती जेवायला बसवले, आणि झालं, जग तयार! दुसरं महायुद्ध संपलं तसा खप पडला. मग मोठ्या माणसांना वाटलं यानेच पोरं बिघडतात. काही गावांत ढीग करून मासिकं जाळली म्हणे. ते वाचून मी रस्त्यातच उभी राहिले. मागून सायकलवाला ओरडला.

पुढे आणखी मजा. एका कंपनीला आपल्याच जुन्या आणि नव्या नायकांचा मेळ बसेना, तर त्यांनी दुसरी पृथ्वी काढली! जुने तिकडे, नवे इकडे. मग तिसरी, मग मोजदाद नाही. वीसेक वर्षांनी त्यांनाच तो पसारा झेपेना, तेव्हा एक मोठी कथा काढून बहुतेक पृथ्व्या पुसून टाकल्या. आपण माळा आवरायला काढतो तसं.

दादाला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे तू सोडलेल्या सगळ्या नोकऱ्या दुसऱ्या पृथ्वीवर चालू असतील. पगार तिकडे होत असेल."

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी नाही हसले. मला त्या पुसलेल्या पृथ्व्यांवरच्या माणसांचं वाईट वाटत होतं.

११ फेब्रुवारी

आज ऑफिसात लेखककाका आले. दर बुधवारी येतात. टोलेजंग आणि झाकोळ त्यांनी लिहिले. आता काठी, कानात यंत्र, आणि तोंड मात्र तरुण. चहात बिस्किट बुडवून माझ्या कामाची उलटतपासणी करतात.

"पोरी, पाराला कुठे बसवलंस?"

"अजून उभीच आहे," मी म्हणाले. "काका, तुम्ही मारलंत तिला?"

"हाताने मी. डोक्याने साहेबांनी." आतल्या खोलीकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज उतरवला. बाई आत फोनवर होत्या. "पारा एकट्या चित्रकाराची होती. लिहायचाही तोच, काढायचाही तोच. एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, टोलेजंगमध्ये तिला मार. ती गेली की तोही जाईल. मी म्हटलं, साहेब, लोक जीव टाकतात तिच्यावर. म्हणाले, लोकांचं सांगू नकोस, माझ्या घरातलं मी बघतो."

घरातलं म्हणजे प्रकाशनातलं. दोन खोल्यांना साहेब घर म्हणायचे, याचं मला कौतुक वाटलं.

"आणि चित्रकार?"

"अंक बाजारात आला तेव्हा त्याला कळलं. तडक जिना उतरला तो आजतागायत परत चढला नाही. ब्रश धुवायलाही थांबला नाही."

"बाई काही बोलल्या नाहीत?"

"ती तेव्हा तुझ्याएवढी. काय बोलणार? बसली त्याचं टेबल पुसत."

ते टेबल अजून आहे. आतल्या खोलीत खिडकीपाशी, उतरत्या फळीचं. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर डबा ठेवला तर बाईंनी न बोलता उचलून माझ्या मांडीवर ठेवला. कोपऱ्यात काळ्या शाईची बाटली असते. शाई वाळली की बाई नवीन आणतात. इथे तर कोणी काही काढत नाही! मोठ्या माणसांच्या सवयी.

१३ फेब्रुवारी

काही नाही. खुर्ची बदलली. मग पुन्हा पहिली घेतली. हेल्मेटच्या दुकानात माणसाची जरूर आहे असं ऐकलं. गेले नाही. म्हणजे गेले, पण बाहेरूनच बघून आले.

१६ फेब्रुवारी

सापडलं! काय ते सांगते.

पारा मेल्यानंतरचा टोलेजंगचा अंक बघत होते. तो फुटलेल्या धरणावर बसलाय, रडून रडून इतका उंच झालाय की ढग त्याच्या गुडघ्याला लागताहेत. चौकटीच्या तळाशी बारीक टीप आहे. दिव्याखाली धरली तेव्हा वाचता आली. "पारा वाचली. कशी? पाहा : पारा, अंक ३०. — संपादक".

म्हणजे वाचली! छापलं ते घडलं! मी अक्षरशः खुर्चीवर उभी राहिले. मग अंक ३० शोधायला लागले. कपाट, माळा, गठ्ठे, खाली गादीवाल्याचं गोदाम. (गादीवाला बिचारा चांगला, पण त्याने मला कापूस पिंजायचं यंत्र दाखवलं त्यात दुपार गेली.) अंक ३० नाही. पारा २९ वर थांबते. छापखान्याच्या जुन्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, तीस कधी आलाच नाही, ताई, मी शपथेवर सांगतो.

म्हणजे संपादकाने न निघालेल्या अंकाकडे बोट दाखवलं. असली चूक मी सुद्धा करणार नाही.

१७ फेब्रुवारी

बाईंना टीप दाखवली. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पाहिली. एवढी बारीक अक्षरं बिनचष्म्याची कशी दिसतात, देव जाणे.

"ही चूक कोणाची?" मी म्हणाले. "संपादक कोण होतं तेव्हा?"

"काम कर," बाई म्हणाल्या.

"कामच करतेय. काढून टाकू का?"

"मी काही म्हणाले का काढायला?" असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मग स्वतःच हळू झाल्या. "त्या महिन्यात साहेब दवाखान्यात होते. अंक मी लावला."

"म्हणजे तुमची चूक!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः चहा आणून दिला. माझ्या फुगलेल्या तोंडाची अशी किंमत आजवर कोणी केली नव्हती.

१९ फेब्रुवारी

मला उपाय सुचलाय आणि तो फक्कड आहे.

पाराच्या डाव्या भुवईत एक खाच आहे. मी सगळे अंक चाळले. अंक १ पासून २९ पर्यंत प्रत्येक चौकटीत आहे, ती बोटभर दिसतेय तिथेही. चित्रकार भलताच शिस्तीचा माणूस असणार. पण धरणात मरते तिच्या भुवईत खाच नाही! तो अंक दुसऱ्याच कोणीतरी काढला होता. म्हणजे मेली ती पारा नव्हेच. कोणीतरी तोतया. खरी पारा घरी अंडं खात होती.

त्या दूरच्या देशात वाचक अशीच चूक पकडून, वर ती चूक का नाही हेही कळवायचे, आणि एक संपादक त्यांना बक्षीस म्हणून रिकामं पाकीट पाठवायचा. आत खरंच काही नसायचं, तरी लोक चौकट करून भिंतीवर लावायचे. मला ते बक्षीस आत्ता हवंय.

घरी वहिनीला सांगितलं. भात उपसता उपसता म्हणाली, "ती खाच त्यांनी कुठून आणली पण? उगाच कोणी चेहऱ्यात खोट काढतं का?"

"ओळख पटायला."

"कोणाला?"

वहिनीला चित्रकथांतलं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी

बाईंनी तोतयाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. खाच म्हणाले तेव्हा त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं, माझं नाव घातलं आणि दिलं. उघडलं. रिकामं.

मी उडीच मारली. "म्हणजे वाचली असं लिहू?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मेली लिही."

"पण तुम्ही आत्ताच..."

"तुझं डोकं चांगलं आहे म्हणून पाकीट दिलं. पण अंक तीस आला नाही. आला नाही म्हणजे नाही. किती वर्षं एखादी गोष्ट येईल येईल म्हणून उघडी ठेवायची? टीप काढून टाक. कालक्रमात धरण लिही, मृत्यू लिही. शनिवारी जाऊ दे एकदाचं."

त्यांनी शाईची बाटली उचलली आणि मोरीत ओतली. अख्खी, नवीकोरी! मोरी दिवसभर काळी राहिली.

मी कालक्रमाचं ते पान उघडून बसले. "मृत्यू" हा शब्द टाइप करायला दोन क्षण लागतात. मला जमला नाही. ती ओळ मोकळी सोडली.

२४ फेब्रुवारी

आज पोट दुखतंय सांगून चित्रकाराकडे गेले.

काका सांगताना सहज म्हणाले होते, "आता डोळे करतो म्हणे कुठेतरी." मी डोळे म्हणजे ऑपरेशन समजले. मग चष्म्याच्या दुकानातले माझे जुने मालक आठवले. त्यांना विचारलं तर म्हणाले, कृत्रिम डोळे रंगवणारा माणूस या बाजूला एकच आहे, डोळ्याच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतो. बघा, एकही नोकरी वाया जात नाही. दादाला सांगायला हवं. बसने तास दीड तास. वाटेत एका स्टॉपला उगाचच उतरले होते, ते जाऊ दे.

खोली लहान. टेबलावर पांढऱ्या वाट्यांसारखे अर्धगोल, त्यावर बुबुळं. ते एका मिचमिच्या दिव्याखाली तीन केसांच्या ब्रशने बुबुळातल्या रेषा काढत होते. समोर एक आजी बसल्या होत्या, एक डोळा झाकलेला.

"आजी, इकडे बघा, खिडकीकडे. छान. तुमच्या डोळ्यात थोडा मधाचा रंग आहे, कोणी सांगितलं होतं का?"

"आमच्या ह्यांनी," आजी म्हणाल्या. "पण ते उधार मागायचे तेव्हाच."

आजी बाहेर गेल्यावर मी पुढे झाले. सांगितलं, मी पाराचा कालक्रम करतेय.

"कोण पारा?" ते ब्रश पुसत म्हणाले. पुसून झालेला ब्रश परत पुसला.

"तुमचीच की. एक छोटी शंका आहे, विचारते आणि जाते. अंक ३० चं काय झालं?"

"तीस नाही. एकोणतीस."

"तेच तर! तीस नाहीच, आणि टोलेजंगमध्ये छापलंय, पारा वाचली, कशी, पाहा अंक तीस. संपादकांची चूक. ती टीप काढणारच आहोत, म्हटलं एकदा तुमच्या कानावर घालावं."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "काय छापलंय?"

मी पुन्हा सांगितलं.

"तसं नाही. शब्द न् शब्द सांग."

मी शब्द न् शब्द सांगितला. 'संपादक' सकट.

"कुठल्या महिन्यात?"

"ती मेली त्याच्या पुढच्याच. साहेब दवाखान्यात होते, बाईंनी अंक लावला होता. तुम्ही पाहिला नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "त्यानंतर मी त्या जगातला एकही अंक हातात धरला नाही. कशाला धरायचा?" बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं.

मला शांतता सोसत नाही. मी बोलत सुटले. म्हटलं, बाई तशा चांगल्या आहेत, पण तुमच्या टेबलावर साधा डबा ठेवू देत नाहीत, शाई वाळली की नवीन आणतात, आणि परवा तर चांगली बाटली मोरीत ओतली.

"ओतली?"

"अख्खी. आणि म्हणाल्या, मेली लिही. शनिवारी छापायला जातंय."

"घरी कोण असतं बाईंच्या?" हे त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं.

"मांजर. तेही एका डोळ्याने आंधळं. मांजराला बसवता येतो का हो डोळा?"

"नाही," ते म्हणाले आणि काम पुढे करायला गेले. पण मधाच्या रंगाऐवजी ब्रश काळ्यात बुडाला आणि बुबुळभर काळं पसरलं. आजींचा डोळा माझ्या बडबडीमुळे वाया गेला. मी माफी मागितली. त्यांनी ऐकलीही नाही बहुतेक. निघताना एवढंच म्हणाले, "एकोणतीसच्या शेवटच्या चौकटीत ती काय खातेय, आठवतं का तुला?"

"उकडलेलं अंडं."

"ती सकाळी तेवढंच खायची," ते म्हणाले.

एवढं तपशिलात कोण ठरवतं आपल्या नायिकेबद्दल! खरा कलावंत.

२५ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, पोट बरं का? हो म्हटलं. डबा उघडला आणि त्यांनी आपल्यातलं एक अंडं मला दिलं, पोटाला हलकं म्हणून. रोज दोन आणतात. गेले कुठे होते ते सांगितलं नाही. एका माणसाचं काम बिघडवून आले, हे सांगून काय मिळणार?

काका आज आले नाहीत. पाय ठरत नाहीये. तीनदा जिना चढले-उतरले.

२७ फेब्रुवारी

बाईंनी छपाईची पानं तपासली. माझी मोकळी ओळ त्यांना लगेच दिसली.

"ही काय?"

"माझा हात होत नाही, बाई. तुम्ही म्हणाल ती शिक्षा. पण लहानपणी माझ्या अंकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. माझ्यासाठी ती इतकी वर्षं मेलीच नव्हती. आता मीच कशी..."

वाटलं, झाली ही पण नोकरी. बाई खुर्चीत मागे टेकल्या. खूप दमलेल्या दिसल्या. "राहू दे," म्हणाल्या. "उद्या छापखान्याचा माणूस यायच्या आधी मी भरते. माझ्याच हाताने भरलेलं बरं."

घरी आले तर वहिनीने विचारलं, "उद्यापासून काय मग? काम संपलं ना?" हेल्मेटच्या दुकानात माणूस मिळाला म्हणे. नाव काढलं तरी वैताग येतो. मला हेच जग हवंय आणि ते उद्या बंद होतंय, एक ओळ लिहून.

२८ फेब्रुवारी

जिन्यात बसून लिहितेय. ही रोजनिशी पिशवीत होती म्हणून बरं. घाईत आहे.

सकाळपासून बाई कालक्रमाचं पान पुढे घेऊन बसल्यात. पेन उघडलं, मिटलं. छापखान्याच्या माणसाचा फोन आला, निघालोय म्हणाला. दारापाशी टेम्पो उभा करायची जागा आहे का बघून ये, असं सांगून बाईंनी मला खाली पाठवलं. मी नेहमीप्रमाणे दोन दोन पायऱ्या उतरत होते. वळणावर कोणीतरी कठड्याला धरून उभं होतं, धापा टाकत. छापखान्याचा माणूस वाटला. नव्हता.

चित्रकार होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा चपटा पुठ्ठा. उजव्या हाताची बोटं काळी, ती डोळ्यांच्या रंगांची नव्हे, शाईची. डोळे लाल, म्हणजे स्वतःचे. झोप झालेली नसावी.

मी गांगरलेच. म्हटलं, आजींच्या डोळ्याची तक्रार करायला आले असणार. म्हणाले, आजींचा डोळा बुधवारीच दिला. मग कशाला आलात, असं विचारणार तोच वर्तमानपत्राचा कोपरा सुटलेला दिसला. आत जाड कागद होता. एक भुवई दिसली. खाच होती.

आणि एक विचार आला, भुवईबद्दलच, अगदी जिभेवर आला होता. पण तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि गेला. नंतर आठवेल.

"वर संपादक आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणाले. "पण ओळ भरायला बसल्यात. थांबा हं, सांगते." वर धावले, दारातूनच ओरडले, "बाई, भरू नका! चित्रकार आलेत!"

आत खुर्ची सरकली. पेन पडल्याचा आवाज आला. चित्रकार पुठ्ठा सावरत वर चढू लागले. मला मध्ये थांबवेना म्हणून अर्ध्या जिन्यात येऊन बसलेय. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय. त्याला म्हटलं, दमा जरा, एक अंक यायचा होता, आत्ताच आला.